कृपया डिस्क घाला

ओरेस्ट बाब्याक स्वतःला कधी 'मी' म्हणत नसे. 'बाब्याक' म्हणे. "बाब्याकच्या नजरेतून मुंगी सुटत नाही." "बाब्याक नुसता खाकरला तरी गुन्हेगार आपणहून बॅग भरायला घेतो." "विनिपेग ते सास्काटून या आठशे किलोमीटरांत बाब्याकच्या तोडीचा मेंदू नाही, आणि असलाच तर तो थंडीनं गोठलेला आहे." हे सगळं तो बीटाच्या सूपमध्ये ब्रेड बुडवता बुडवता इतक्या सहज बोलायचा, की ऐकणाऱ्याला राग येईपर्यंत त्याची वाटी रिकामी झालेली असे.

त्याच्या कार्डावर लिहिलं होतं: 'ओरेस्ट बाब्याक, खाजगी अन्वेषक. हरवलेलं शोधून देऊ. न हरवलेलंही शोधून देऊ.' आता खरं सांगायचं तर या अन्वेषकानं एकतीस वर्षं गावच्या नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने तपासले होते. त्या काळात त्याला नऊ कुत्री चावली. प्रत्येक चाव्याची नोंद त्यानं 'आरोपीचा कबुलीजबाब' म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं गॅरेजमध्ये टेबल टाकलं, डोक्यावर सशाच्या कातड्याची टोपी चढवली आणि गुन्ह्यांची वाट बघत बसला. मॅनिटोबातल्या दीड हजार वस्तीच्या गावात, फेब्रुवारीत, उणे तीस अंशांत गुन्हे करायला कोण बाहेर पडणार? पण बाब्याकचा धीर काही सुटला नाही.

त्याचा सहायक लॉर्न. म्हणजे ओरेस्टच्या धाकट्या बहिणीचा, ऑड्रीचा नवरा. लॉर्नची नेमणूक वगैरे काही झाली नव्हती. त्याच्या गाडीचा हीटर चालू होता आणि ओरेस्टच्या गाडीचा बंद, एवढ्यावर तो सहायक झाला. तो जन्मभर शाळेची बस चालवत आला होता, त्यामुळे मागून कुणी कितीही आरडाओरडा केला तरी समोर बघत राहायची त्याला सवय होती. ती इथे फार उपयोगी पडली.

प्रकरण सुरू झालं ते बुधवारी, आणि ते सुरू केलं ऑड्रीनं.

ऑड्रीची आई तेक्ला नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर युक्रेनमधून कॅनडाला आली. तिचा भाऊ ओनुफ्री तेव्हा तेरा वर्षांचा. आजोबांच्या मदतीला म्हणून तो मागे राहिला, 'पुढच्या वर्षी बोलावून घेऊ' या बोलीवर. पुढचं वर्ष कधी आलंच नाही. मध्ये युद्ध आलं, सीमा आल्या, पत्रं थांबली, पुन्हा सुरू झाली. आता २००४ साल उजाडलं होतं. आई चौऱ्याऐंशीची, ओनुफ्रीमामा अठ्ठ्याऐंशीचा. पंचाहत्तर वर्षांत बहीण-भावानं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात मामाच्या नातवानं मामाचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवरून पाठवलं. सहा मिनिटांचं. ते ऑड्रीच्या कॉम्प्युटरमध्ये उतरायला नऊ दिवस लागले. इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं, त्यामुळे नऊ दिवस घरचा फोन अडकलेला होता. सातव्या दिवशी शेजारीण केक घेऊन सांत्वनाला येऊन गेली.

"सोमवारी मामाच्या छातीचं ऑपरेशन आहे," ऑड्री लॉर्नला म्हणाली. "रविवारी दुपारी बारा वाजता तो दवाखान्यातून आईला फोन करणार. त्याआधी आईनं हे बघायलाच हवं. मामानं तिला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर हवंय त्याला, ऑपरेशनच्या आधी."

"कसला प्रश्न?"

ऑड्रीनं जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते लोक निघायच्या आठवड्यात गावाकडच्या घराचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं. अकरा बदकं गेली. मामाच्या आजोबांनी त्याला झोडपलं. तो विचारतोय, फाटक कुणी उघडं टाकलं होतं? आणि हे बघा, दादाला यातलं एक अक्षर सांगू नका. कळलं तर तो तपास सुरू करेल."

लॉर्ननं शपथ घेतली.

अडचण अशी, की कॉम्प्युटर तळघरात आणि आई वृद्धाश्रमात, चाकाच्या खुर्चीत. आश्रमात टीव्हीखाली डीव्हीडी लावायचं यंत्र होतं. म्हणजे मामाला डीव्हीडीवर उतरवायला हवं. पण ऑड्रीच्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह नुसता डिस्क वाचायचा, लिहायचा नाही. नवा रायटर आणायला हवा होता. त्यात कॉम्प्युटरच्या पोटातून दोन दिवस कसलासा करकर आवाज येत होता.

"रायटर कुठला घ्यायचा, एवढं कुणाला तरी विचारायला हवं," ऑड्री म्हणाली. ती हे लॉर्नला म्हणाली होती. पण ओरेस्ट तेवढ्यात सूपसाठी आलेला होता.

"बाब्याक प्रकरण हाती घेतोय," तो दारातूनच म्हणाला. "दाजी, गाडी काढा."

लॉर्ननं बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. लॉर्ननं गाडी काढली.

हर्ब क्लासेनच्या दुकानात पुढे खिळे, कुलपं आणि उंदरांचे सापळे असत, आणि पाठीमागच्या फळीवर कॉम्प्युटरचं सामान. हर्ब सज्जन माणूस. सज्जन माणसाचे हाल काय होतात ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"घरच्या कॉम्प्युटरसाठी ना? मग सोपं आहे," हर्ब म्हणाला. "हा नुसता वाचतो. हा सीडी लिहितो. हा डीव्हीडी लिहितो, पण फक्त उणे खूण असलेली. हा अधिक खूण असलेली लिहितो. आणि हा दोन्ही. तुम्हाला काय लिहायचंय?"

ओरेस्टनं भिंग काढलं. खोक्यांवरून एकदा इकडून तिकडे फिरवलं. "यावर बावन्न लिहिलंय. बाकीच्यांवर चार, आठ. का?"

"तो वेग आहे. पण बाब्याकसाहेब, तो तर..."

"बावन्न!" ओरेस्ट लॉर्नकडे वळला. "दाजी, ऑपरेशन सोमवारी आहे. वेळ कमी आहे. वेळ कमी असेल तर माणूस काय घेईल? वेगवान वस्तू. याला म्हणतात निष्कर्ष."

बावन्नवाला आला. बरोबर पंचवीस कोऱ्या डीव्हीडींचा गोल डबा आला. लॉर्ननं तळघरात गुडघ्यावर बसून, कॉम्प्युटरचं पोट उघडून, चार स्क्रू पिळून ड्राइव्ह बसवला. ओरेस्टनं डब्याचं झाकण काढलं आणि सगळ्यात वरची डिस्क दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली. ती काचेसारखी स्वच्छ होती. तिच्यातून ऑड्रीच्या लोणच्याच्या बरण्या दिसत होत्या.

"बघा," तो म्हणाला. "बाकीच्या कशा काळपट, जांभळट. ही मात्र निर्मळ. उगाच नाही सगळ्यात वर ठेवलेली. मान आहे तिचा. आणि दाजी, चाचणीला हीच एक वापरायची. बाकीच्या वाया घालवायच्या नाहीत."

हा विचार मात्र घराण्याला धरून होता. ऑड्री ब्रेडच्या पिशव्या धुऊन वाळत घालायची आणि आइस्क्रीमचे डबे तिच्या तळघरात छतापर्यंत रचलेले होते. चाचणीत वस्तू वाया घालवणं हे त्या घरात पापच होतं.

लॉर्ननं डिस्क आत सरकवली. ड्राइव्हनं जरा गुरगुर केली. पडद्यावर अक्षरं आली: 'कृपया डिस्क घाला.'

"घातलीय ना, मेल्या!" ओरेस्ट पडद्याला म्हणाला.

पडदा तेच म्हणत राहिला.

गुरुवारी सकाळी ते हर्बकडे. "मी तेच सांगत होतो," हर्ब म्हणाला. "तो फक्त सीडी लिहितो."

"बाब्याकला ठाऊक होतं," ओरेस्ट म्हणाला. "बाब्याक तुम्हाला पारखत होता. आता सांगा, अधिक की उणे?"

"काही फरक नाही हो. दोन कंपूंचं भांडण आहे, तुम्ही तिसराच घ्या, दोन्ही लिहिणारा."

"भांडणात बाब्याक तटस्थ राहत नाही." ओरेस्टनं डोळे बारीक केले. गावात दोन युक्रेनियन चर्चं होती, रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. एक ऑर्थोडॉक्स, एक कॅथलिक. दोन्हींचे घुमट सारखे, दोन्हींकडचे पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, सारखे, आणि दोन्हींकडचे लोक गेली सत्तर वर्षं एकमेकांच्या पिरोगींना नावं ठेवत आलेले. बाब्याक मंडळी ऑर्थोडॉक्स. "हर्ब, खरं सांगा. कॅथलिक लोक कुठला नेतात?"

हर्बनं आठवून पाहिलं. "त्यांच्या फादरनी उणेवाला नेला परवा."

"झालं तर! दाजी, अधिकवाला घ्या. क्रुसाची खूणसुद्धा आहे त्यावर."

घरी आणून तो बसवला. निर्मळ डिस्क आत गेली. 'कृपया डिस्क घाला.'

"थंडी!" ओरेस्टनं चुटकी वाजवली. "तळघरात चौदा अंश आहेत. तुम्हाला बाब्याकनं थंडीत उघडं बसवलं तर तुम्ही लिहाल का?"

मग ऑड्रीचा केस वाळवायचा पंखा आला. कॉम्प्युटरला गोधडी पांघरली. गरम पाण्याची पिशवी शेकायला ठेवली. लॉर्न पंखा धरून पंचेचाळीस मिनिटं उभा राहिला. त्याला स्वतःलाच इतकं ऊबदार वाटलं की डोळा लागला. कॉम्प्युटरची करकर मात्र वाढली.

"ओरेस्टराव," लॉर्न जागा होऊन म्हणाला, "दुसरी डिस्क घालून बघू का?"

ओरेस्टनं त्याच्याकडे असं बघितलं जसं परवाना नसलेल्या कुत्र्याकडे बघत असे. "दाजी, शास्त्रीय प्रयोगाचा पहिला नियम काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण ड्राइव्ह बदलतोय. मग डिस्क बदलायची नाही. दोन्ही बदललं तर दोषी कोण ते कळणार कसं?"

लॉर्नला हे पटलं. हीच तर पंचाईत होती. ओरेस्टचं बोलणं ऐकताना पटायचं आणि झोपताना पटेनासं व्हायचं.

शुक्रवारी हर्बनं त्यांना येताना बघितलं आणि दारावरची 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दोन्ही हातांनी सरळ केली. पण त्याच्या कुत्र्याचा परवाना एकदा सात महिने थकलेला होता आणि ओरेस्टनं ते पोटात घातलं होतं. हर्बनं माल परत घेतला. दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह दिला. "यात काही चुकणं शक्यच नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच जरा घाबरल्यासारखा झाला.

'कृपया डिस्क घाला.'

आता ओरेस्ट गंभीर झाला. त्यानं खुर्ची ओढली, टोपी मागे सरकवली. "तीन ड्राइव्ह. तिन्ही निरपराध असू शकत नाहीत आणि तिन्ही दोषी असू शकत नाहीत. म्हणजे घातपात. बाब्याकनं डिस्कवरचे ठसे तपासलेत. सगळे ठसे एकाच माणसाचे आहेत."

"कुणाचे?"

"तुमचे."

"अहो, मीच तर घालतो ती आत! तुम्ही तिला हातमोजे घालून हात लावता!"

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो."

मग पिरोगींच्या ताटावर लॉर्नची दीड तास उलटतपासणी झाली. सासूबद्दल मनात काय आहे? युक्रेनला कधी फोन केला होता का? एकोणीसशे एकोणऐंशी साली सासूनं विणलेला स्वेटर एकदाच का घातला? लॉर्न म्हणाला, टोचायचा. ओरेस्टनं वहीत लिहिलं: 'हेतू सापडला.'

"अरे दादा, पुरे!" ऑड्री ओरडली. तिनं ताट उचललं, ओरेस्टच्या पुढ्यातलं, त्यात चार पिरोगी शिल्लक असताना. असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

शनिवारी कॉम्प्युटर किंचाळायला लागला. लॉर्न म्हणाला, सरळ कॉम्प्युटरच उचलून आईकडे नेऊ या. ऑड्रीनं फोनचं तोंड यंत्राला लावून हर्बला तो आवाज ऐकवला. हर्ब पलीकडून म्हणाला, "हलवू नका. जागचा हलवलात तर आतलं सगळं जाईल. असेल तसा चालू ठेवा आणि देवाचं नाव घ्या." मग त्यानं वायरीनं बाहेरून जोडायचा चौथा ड्राइव्ह स्वतःच आणून दिला आणि आत न येता, ओरेस्टला न भेटता, पायरीवर ठेवून गेला.

चौथ्यानंही तीच विनंती केली.

ऑड्री जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही. ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसत, स्वतःवरच चिडल्यासारखी. "मामाचा चेहरा अगदी आईसारखा आहे हो," ती म्हणाली. "तीच हनुवटी. मी बघितला, तुम्ही बघितला. जिची वस्तू तिनंच तेवढी बघायची राहिली. तो उद्या विचारेल, पाहिलंस का? आणि ती काय सांगणार? माझ्या पोरांना जमलं नाही?"

लॉर्न तिच्याशेजारी बसला. त्यानं तिचा हात धरला. समोर ओरेस्ट उभा होता. त्याची टोपी हातात होती. क्षणभर लॉर्नला वाटलं, हा आता माफी मागणार. पण ओरेस्टचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"आपण सगळ्यांवर संशय घेतला," तो म्हणाला. "एक सोडून. दाजी, गुन्हेगार नेहमी कोण असतो? ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो. सांगा, या सगळ्यात ज्याचं नावच आलेलं नाही असा माणूस कोण?"

"तुम्ही," लॉर्न म्हणाला.

"आई!"

रविवारी सकाळी दहा वाजता वृद्धाश्रमाच्या खोलीत तेक्ला खिडकीशी बसून मटार सोलत होती. आश्रमाच्या स्वयंपाकघरानं तिला हे काम दिलेलं नव्हतं. ती मटार मागून आणायची. कान जवळजवळ गेलेले, नजर मात्र सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत. ओरेस्ट तिच्यासमोर उभा राहिला. मागे लॉर्न डब्यासकट, आणि त्याच्यामागे लाजेनं लाल झालेली ऑड्री.

"आई," ओरेस्ट मोठ्यानं म्हणाला, "बाब्याकला सगळं समजलंय."

"तू जेवलास का?"

"ते नंतर. मामाची फिल्म तू बघू नयेस असं कुणाला तरी वाटतंय. आणि ते कुणी म्हणजे तू. काय लपवतेस?"

तेक्लाच्या हातातली मटाराची शेंग थांबली. फक्त एक क्षण. लॉर्नच्या ते नजरेत आलं, ओरेस्टच्या नाही, कारण तो तेव्हा पुरावा काढत होता. त्यानं कागदी पिशवीतून निर्मळ डिस्क काढली आणि आईच्या मांडीवर, मटारांच्या शेजारी ठेवली. "ओळखतेस ही?"

तेक्लानं डिस्क उचलली. उलटी केली. सुलटी केली. मग खिडकीकडे धरली. "यातून मला पलीकडची गाडी दिसतेय," ती म्हणाली.

"निर्मळ आहे म्हणून."

"निर्मळ कसली? नुसतं प्लास्टिक आहे हे. यावर लिहिलं तर उमटेल कुठं? जावईबापू, तो डबा इकडे आणा बघू."

लॉर्ननं डबा दिला. तिनं त्यातली वरची डिस्क काढली, उलटी केली. खालची बाजू जांभळी चकाकली. तिनं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, आधी मुलाकडे, मग जावयाकडे बघितलं.

"मी जन्मभर धिरडी करून फ्रीजरमध्ये टाकत आले," ती म्हणाली. "मध्ये कागद घालते, वर कागद घालते. का, तर वरच्याला ओरखडा पडू नये. तो वरचा कागद आहे हा. तुम्ही चार दिवस कागद खाताय, आणि धिरडं कच्चं आहे म्हणून तव्याला शिव्या देताय?"

लॉर्नला आठवलं, आपण पंचेचाळीस मिनिटं पंखा धरला होता. त्याला आठवलं, हर्ब पायरीवरून चोरासारखा पळून गेला होता. ऑड्रीनं भावाकडे बघितलं. त्या बघण्याला सशाची टोपी पुरणारी नव्हती.

"बाब्याकला वाटलंच होतं..." ओरेस्टनं सुरुवात केली.

"अहो, चला!" ऑड्रीनं लॉर्नला दंडाला धरून ओढलं. "साडेदहा वाजलेत!"

लॉर्ननं आयुष्यात बस कधी पन्नासच्या वर नेली नव्हती. त्या दिवशी त्यानं आठ गल्ल्यांत काय केलं ते त्यानं नंतर कुणालाही सांगितलं नाही. तळघरात कॉम्प्युटर रडत होता. दोघांनी जांभळी डिस्क आत सरकवली. पडदा थांबला. लॉर्ननं डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं: 'लिहीत आहे.' ऑड्रीनं नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला. सतरा मिनिटांनी डिस्क गरम गरम बाहेर आली. (आणि तो मरणपंथाला लागलेला कॉम्प्युटर नंतर अडीच वर्षं व्यवस्थित चालला. कुणी विचारू नका.)

आश्रमाच्या मोठ्या खोलीत टीव्हीवर कर्लिंगचा सामना चालू होता आणि निकाल ठरवणारा शेवटचा दगड बर्फावरून सरकत होता. लॉर्ननं यंत्र लावल्याबरोबर नऊ म्हाताऱ्यांनी एकदम आरडाओरडा केला. लॉर्न समोर बघत राहिला. सामना गेला आणि टीव्हीभर एक म्हातारा आला. भट्टीशेजारी बसलेला, मेंढीच्या कातड्याची बंडी घातलेला, गुडघ्यांवर दोन मोठे हात. हनुवटी अगदी तेक्लाची.

म्हाताऱ्यांचा आवाज थांबला. टीव्हीचा आवाज इतका मोठा लावला होता की खिडक्यांची तावदानं थरथरत होती.

"तेक्ले," ओनुफ्रीमामा म्हणाला, "मी म्हातारा झालोय. तू पण झाली असशील, पण मला तू दोन वेण्यांचीच आठवतेस. सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहे. त्याआधी एक सांग. ते फाटक. मी आजोबांचे अकरा फटके खाल्ले, एका बदकामागे एक. कुणी उघडं टाकलं होतं?"

पुढे त्यानं घर दाखवलं, विहीर दाखवली, एक आळशी मांजर दाखवलं. पण ओरेस्टला तोवर दम कुठला. वही उघडलेली होती.

"फाटक!" तो लॉर्नच्या कानात म्हणाला. "अकरा बदकं! आणि बाब्याकला कुणी काही सांगितलं नाही! दाजी, संशयित लिहून घ्या. एक, शेजारी. दोन, आजोबा स्वतः, कारण मारणारा नेहमी लपवत असतो. तीन, बदकं. आतून मिळालेली असणार."

"ओरेस्टराव, हळू."

"चार, एखादा कॅथलिक."

तेक्लानं हात वर करून फिल्म पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ती खुर्ची सरकवत पडद्याजवळ गेली, इतकी जवळ, की तिला भावाच्या गालावर बोट ठेवता येईल. तिनं बोट ठेवलंही. मग बरोबर बारा वाजता फोन वाजला. तिला ऐकू येत नाही म्हणून नर्सनं फोनचा आवाज खोलीभर सोडला.

"तेक्ले?" समुद्रापलीकडून आवाज आला. "पाहिलंस का?"

"पाहिलं." तिनं फोन दोन्ही हातांत धरला. "ओनुफ्री, फाटक मी उघडं टाकलं. मला नदीवर जायचं होतं, शेवटचं एकदा. मी घाईत गेले. आणि आल्यावर तुला मार खाताना बघितलं, आणि बोलले नाही. मी घाबरले. पंचाहत्तर वर्षं झाली, मी एकदाही बोलले नाही. चर्चमध्ये फादरलासुद्धा नाही."

ओरेस्टच्या हातातून पेन्सिल पडली. ती गडगडत टीव्हीखाली गेली.

पलीकडून खरखर आली, आणि लॉर्नला आधी वाटलं लाइन बिघडली. पण मामा हसत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी गवताच्या गंजीवर बसलो होतो. तुला जाताना बघितलं मी. वेण्या उडत होत्या नुसत्या."

"मग मार का खाल्लास?"

"आठ दिवसांनी तू बोटीत बसणार होतीस. मार खाऊन रडत रडत गेली असतीस, तर मला तूच रडताना आठवत राहिली असतीस. आता नदीकडे पळताना आठवतेस."

तेक्लानं ओठ घट्ट मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. "माहीत होतं तर आता कशाला विचारलंस, मेल्या?"

"नुसतं 'कशी आहेस' विचारलं असतं, तर तू पोरीकडून 'बरी आहे' असं कळवून मोकळी झाली असतीस. दर वर्षी तेच करतेस. म्हटलं, आरोप करावा. आरोप केला की माणूस स्वतः बोलायला येतो."

ऑड्री हसत होती आणि रडत होती. ओरेस्ट तिच्यापुढून दोन पावलं पुढे झाला. पंचाहत्तर वर्षं रखडलेलं प्रकरण, कबुलीजबाब, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, सगळं एकाच खोलीत उलगडलं होतं आणि गुन्हेगार त्याची सख्खी आई होती. त्याला राहवेना.

"आई," तो फोनकडे वाकत म्हणाला, "बाब्याकला दोन प्रश्न विचारायचेत. ते फाटक आत उघडायचं की बाहेर?"

तेक्लानं एक हात उचलून त्याचं तोंड बंद केलं. दुसऱ्या हातानं तिनं फोन छातीशी धरला होता.

"गप बस," ती म्हणाली. "माझा दादा बोलतोय."

आणि ओरेस्ट बाब्याक चक्क गप्प बसला.